जुना वस्तरा : सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुने वस्तरे गोळा करतो, स्वतः सहाणेवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, लावतो आणि त्यांनीच दाढी करतो. ओळखीच्यांना हे कळल्यापासून घरी कुणी ना कुणी कापडात गुंडाळलेला वस्तरा घेऊन येतं आणि बरेचसे प्रश्न तेच तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ज्यावर बोलण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

सलूनमध्ये असतो तोच वस्तरा ना?

नाही. सलूनमधल्या आताच्या वस्तऱ्यात अर्धं ब्लेड अडकवतात आणि गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलतात. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, त्यामुळे ही पद्धत आली आणि ती योग्यच आहे. मी ज्याबद्दल लिहितोय त्याचं पातं अख्खं एकाच पोलादाचं असतं. ते मुठीत दुमडतं, सहाणेवर लावता येतं आणि नीट सांभाळलं तर दोन-तीन पिढ्या चालतं. असा वस्तरा एका माणसाचा असावा. दोघांत एक वापरू नये, बाप-लेकांतही नाही.

पुढे काही शब्द सारखे येतील, ते आधी सांगतो. धारेच्या विरुद्ध बाजूचा जाड भाग म्हणजे पाठ. बोटाने धरायची वाकडी दांडी म्हणजे शेपटी. मुठीच्या टोकाला जिथे पातं फिरतं तिथे खिळा असतो.

सोलापुरात जुने वस्तरे मिळतात का?

मिळतात, पण दुकानात नाही, माणसांकडे. ज्यांच्या घरात वाडवडिलांपासून न्हाव्याचा व्यवसाय होता, त्यांच्याकडे आजोबांची धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, माळ्यावर असते आणि तिच्यात एक-दोन वस्तरे निघतात. मिलमध्ये नोकरी केलेल्या जुन्या माणसांच्या कपाटातही मला सापडलेत, कारण तेव्हा घरी दाढी करणारे बरेच वस्तराच वापरत. शहराच्या पूर्व भागात विचारायचं असेल तर ‘कत्ती’ म्हणा. तेलुगू आणि कन्नड दोन्हीत हा शब्द चालतो आणि लगेच ओळख पटते.

भंगारवाल्याला आधी सांगून ठेवावं, नाहीतर पातं किलोच्या भावात जातं. पुण्याला गेलात तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार बघा, मुंबईत चोर बाजार. एक विनंती मात्र करतो. कुणाच्या घरून वस्तरा घेताना पैशाची घासाघीस करू नका आणि तो कुणी, कुठे वापरला हे विचारून लिहून ठेवा. पात्यावरचा शिक्का कारखान्याचं नाव सांगतो. टिळक चौकात की कन्ना चौकात, कुठल्या झाडाखाली पेटी मांडून कुणी त्याने चाळीस वर्षं पोट भरलं, हे त्या घराखेरीज कुणी सांगणार नाही.

शिक्क्यावरून वस्तरा किती जुना ते कसं ओळखायचं?

शिक्का शेपटीच्या वरच्या चपट्या भागावर असतो. आधी भिंगाखाली धरा आणि घासू नका. गंजाखालची अक्षरं घासली की कायमची जातात.

आपल्याकडे सापडणारे बहुतेक वस्तरे दोन गावांचे असतात, इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं झोलिंगन. शेफील्डचा मोठेपणा पोलादात होता. बेंजामिन हंट्समन याने १७४०च्या दशकात मुशीत पोलाद वितळवून एकजीव करायची रीत बसवली. पात्यावर ‘कास्ट स्टील’ असं कोरलेलं दिसतं ते हेच. जोसेफ रॉजर्स यांच्या मालावर सहा टोकांची चांदणी आणि माल्टीज क्रूस असतो. जॉर्ज वॉस्टनहोम यांचा शिक्का ‘आय एक्स एल’. वेड अँड बुचर यांची पाती रुंद आणि जड. ‘बेंगाल’ लिहिलेला वस्तरा पाहून पुष्कळांना तो कलकत्त्याचा वाटतो, पण तोही शेफील्डचाच, कॅडमन यांचा.

मुकुटाबरोबर ‘डब्ल्यू आर’ असेल तर तो राजा चौथ्या विल्यमच्या काळातला, म्हणजे १८३० ते १८३७. ‘व्ही आर’ असेल तर राणी व्हिक्टोरियाचा, १८३७ ते १९०१. देशाचं नाव हाही एक धागा आहे. परदेशी मालावरच्या खोट्या शिक्क्यांना आळा घालणारा ब्रिटिश कायदा १८८७ चा आणि आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं करणारा अमेरिकेचा कायदा १८९० चा. म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ ठळक दिसलं तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. उलटं मात्र धरू नका. नाव नाही म्हणून तो जुनाच, असं होत नाही.

झोलिंगनमध्ये हेंकेल्स यांची जुळ्यांची खूण १७३१ पासूनची आहे, बोकर यांची खूण झाडाची. ‘झोलिंगन’ या नावालाच १९३८ साली कायद्याचं संरक्षण मिळालं. स्वीडनमधल्या एस्किलस्टुना गावचा वस्तरा मिळाला तर सोडू नका. ते पोलाद कडक असतं, सहाणेवर वेळ खातं, पण धार फार टिकते.

विकत घेताना काय बघायचं?

तीन गोष्टी. पहिली म्हणजे चीर. पातं उजेडात धरून धारेवरून नजर फिरवा. केसाएवढीही चीर असेल तर ते शोभेला ठेवा, गालाला लावू नका. नख हलकेच लावून पातं वाजवलं तर चांगलं पोलाद स्वच्छ नाद देतं. चीर गेलेलं पातं बद्द वाजतं.

दुसरी, धारेचा आकार. धार सरळ असावी, किंवा मध्यभागी किंचित बाहेर आलेली. मध्ये खोलगट गेली असेल तर ती सरळ करायला बरंच पोलाद घालवावं लागतं.

तिसरी, पाठीची झीज. दोन्ही बाजूंना सारखी आणि बारीक पट्टी दिसली तर तो जाणत्या हाताखाली होता. एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे काहीच नसेल तर पातं वाकडं आहे किंवा लावणाऱ्याचा हात वाकडा होता.

वरवरचा गंज, काळे डाग आणि फुटकी मूठ यांना घाबरू नका. मूठ नवी बसवता येते. मूठ हस्तिदंती किंवा कासवाच्या पाठीची आहे असं कुणी सांगितलं तर मात्र व्यवहार करू नका, आपल्याकडे तो गुन्हा आहे. काळी मूठ बहुधा म्हशीच्या शिंगाची असते.

पातं किती रुंद असावं?

वस्तऱ्याचं माप इंचाच्या आठव्या भागात सांगतात, म्हणजे आपल्या सुतारांचं आणि फिटरचं ‘सूत’. नवशिक्याने पाच किंवा सहा सुती पातं घ्यावं. पाच सूत म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. टोक गोल असलेलं घ्या. चौकोनी टोक कानाजवळ आणि नाकाखाली पटकन टोचतं.

जुनी पाती पाचरीसारखी भरीव असतात. नंतरच्या पात्यांच्या दोन्ही बाजू आतून कोरून पातळ केलेल्या असतात. भरीव पातं राठ दाढीतून न थरथरता जातं, पण सहाणेवर जास्त वेळ घेतं. कोरलेलं पातं दाढी करताना बारीक आवाज करतं आणि त्या आवाजावरून कोन बरोबर आहे की नाही ते कळतं. शिकायला मला कोरलेलंच बरं वाटतं.

सायकलवरच्या धारवाल्याकडून धार लावून घेतली तर चालेल का?

नाही. कृपा करून नाही.

माझ्या वडिलांच्या मामांचा एक वस्तरा मला मिळाला होता, झोलिंगनचा, सहा सुती, शिंगाच्या मुठीचा. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. चाकू-कात्रीला धार लावणारा दारावर आला आणि मी तो त्याच्या हातात दिला. त्याने त्याच्या कामाच्या रीतीने चाकावर धरला. ठिणग्या उडाल्या. परत हातात आला तेव्हा धारेलगत निळसर पट्टा उमटला होता. लोहाराकडे ‘पाणी देणं’ म्हणतात ना, तसं पाणी दिलेलं पोलाद एका ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. निळा रंग ही त्याची खूण. ती धार पुढे कितीही लावली तरी दोन गालही टिकली नाही. चूक त्या माणसाची नव्हती. चाकू आणि वस्तरा ही वेगळी जात आहे हे मला माहीत असायला हवं होतं. तो वस्तरा अजून माझ्याकडे आहे. कुणी धार लावायला काय घ्यावं असं विचारलं की आधी तोच दाखवतो.

ड्रिलला चकती लावून गंज काढणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. गेलेलं पोलाद परत येत नाही.

गंज कसा काढायचा?

हळूहळू. शिवणयंत्राचं तेल लावून एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी पातं सपाट लाकडी फळीवर आडवं ठेवा आणि अगदी बारीक, २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने घासा. बोट धारेच्या पलीकडे जाऊ देऊ नका. मग पितळेच्या भांड्यांना वापरतो तो ब्रासो. पात्यावर सोन्याचा मुलामा किंवा कोरीव नक्षी असेल तर तो भाग सोडा. मुलामा फडक्यानेसुद्धा निघतो.

काळे खड्डे राहिले तर राहू द्या. ते धारेत नसतील तर दाढीला काही फरक पडत नाही, आणि ते काढायच्या नादात शिक्का जातो. आरशासारखा लखलखीत केलेला जुना वस्तरा मला बघवत नाही.

सहाणेवर वस्तरा कसा लावायचा?

हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. लिहून सगळं येत नाही, पण पाया सांगतो.

वस्तऱ्याची सोय अशी की कोन आपल्याला धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी सहाणेला टेकलेली ठेवली की कोन आपोआप बसतो. करणाऱ्याने पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी त्याच हिशेबाने ठेवलेली असते. म्हणून पाठ कधीही उचलायची नाही. पाठीला झीज नको असेल तर इन्सुलेशन टेपचा एक थर लावा आणि तो अधूनमधून बदला.

आधी सहाण सपाट हवी. तिच्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासा. सगळ्या रेषा एकदम गेल्या की सहाण सपाट. हे टाळलं तर पुढचं सगळं फुकट.

मग धार पुढे ठेवून, सहाणेवरचा पातळ पापुद्रा काढतोय अशा बेताने, पातं न्यायचं. सहाण पात्यापेक्षा अरुंद असते, म्हणून जाता जाता शेपटीकडून टोकाकडे तिरकं सरकवायचं. टोकाला पोचलं की पाठीवर उलटायचं. धारेवर कधीही उलटायचं नाही. मग तसंच परत. दाब पात्याच्या वजनाएवढाच. बहुतेकांचं इथेच बिघडतं, दाब दिला की लवकर होईल असं वाटतं. दाबाने पातळ पातं वाकतं आणि धार एका जागी घासते, दुसऱ्या जागी नाही.

पहिली सहाण १००० ग्रिटची. ग्रिटचा आकडा जितका मोठा तितकी सहाण बारीक. खरं काम इथेच होतं. दोन्ही बाजूंच्या उतरणी धारेवर नेमक्या मिळाल्या पाहिजेत. धारेवर मार्करची रेघ ओढा, चार-पाच वेळा पातं फिरवा आणि सोनाराच्या भिंगातून बघा. शाई जिथे उरली तिथे सहाण पोचत नाही. १००० वरच मनगटावरचा केस कातडीलगत सहज कापला जायला हवा, टाचेपासून, म्हणजे शेपटीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत. तो कापला जात नसेल तर पुढच्या सहाणेवर जाऊ नका. मी पहिल्या वर्षी रोज ८००० वर तासभर घालवायचो आणि दाढी ओढायची. खोट १००० वरच राहिलेली असायची.

ती जागा जमली की ४०००, मग ८०००. ८००० वर नीट लावलेल्या वस्तऱ्याने दाढी होते. मऊपणा हवा तर १२०००, किंवा बेल्जियमच्या आर्डेन भागातली पिवळसर नैसर्गिक सहाण. तिच्यात गार्नेटचे कण असतात आणि धार कातडीला गोड लागते. ती महाग आहे, आधी घेऊ नका.

आवाज ऐका. सुरुवातीला खरखर असते. काम झालं की ती बारीक होते आणि पाण्याची रेघ धारेच्या पुढे पुढे ढकलली जाते. मला हे एका वयस्कर कारागिरांनी शिकवलं. त्यांची नजर अधू झाली होती. ते लावताना पात्याकडे बघतच नसत, मान किंचित कलती करून ऐकत.

चामड्याच्या पट्ट्याची खरंच गरज असते का?

असते, दर वेळी. सहाण धार तयार करते आणि पट्टा ती सरळ ठेवतो. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. चुकून धार पुढे गेली तर पट्टा चिरतो. पट्टा ताठ धरा, सैल सोडला तर धार गोल होते. आधी कापडावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. घाई नको, वेग आपोआप येतो.

कापडाच्या बाजूला साधं घट्ट विणीचं सुती किंवा कॅनव्हासचं कापड हवं. सोलापुरी चादर मात्र चालत नाही. तिची नक्षी उठावाची असते आणि धार त्यावर उड्या मारते.

दाढी करताना काय सांभाळायचं?

पहिला महिना फक्त गाल करा. हनुवटी आणि ओठावरचा भाग नेहमीच्या रेझरने.

गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. केस पाणी पितो आणि मऊ होतो. या कामाला आपल्या गावच्या टर्किश टॉवेलइतकं चांगलं काही नाही. दुसरा टॉवेल घडी करून बेसिनमध्ये अंथरा. वस्तरा ओल्या हातातून सुटला आणि सिरॅमिकवर पडला तर धारेचा तुकडा उडतो, टॉवेलवर पडला तर वाचतो. सुटलेला वस्तरा हवेत पकडायला मात्र कधीही जाऊ नका.

कोन साधारण ३० अंश, म्हणजे पाठ कातडीपासून दोन पाठींएवढी वर. मोकळ्या हाताने कातडी ताणा. निम्मं काम ताणण्यात आहे. आधी केसाच्या दिशेने. उलटी दाढी पहिले काही महिने नको. पातं कधीही आडवं सरकवायचं नाही, जखम तशीच होते. ओढतंय असं वाटलं की थांबा आणि पट्ट्यावर फिरवून या. शेवटी ओली तुरटी. जिथे जास्त झोंबेल तिथे कोन चुकला होता असं समजा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, फेसच होत नाही.

जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा अनेकांना बोअरवरच भागवावं लागतं. फेसासाठी फिल्टरचं अर्धी वाटी पाणी वेगळं घ्या, तेवढं पुरतं. शेवटी पातंही त्याच पाण्याने धुवा, नाहीतर पांढरे डाग राहतात आणि त्यांखाली गंज धरतो.

जुना, कुणाचा तरी वापरलेला वस्तरा घ्यायला भीती वाटते.

भीती रास्त आहे. आधी साबणाच्या पाण्याने मळ आणि तेल पूर्ण काढा, मळावर जंतुनाशक काम करत नाही. मग पातं दहा मिनिटं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा. खिळ्याजवळची फट विसरू नका. ब्लीच वापरू नका, पोलाद खातं. उकळायचंही नाही. १०० अंशांनी पोलादाचं पाणी उतरत नाही, पण शिंगाची मूठ वाकते. नंतर सहाणेवर जुनी धारच निघून जाते. गंजलेल्या पात्याने खोल कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

लहान मुलाच्या जावळासाठी असा वस्तरा वापरू नका. तिथे नवं ब्लेडच हवं.

एकदा लावली की धार किती दिवस टिकते?

रोज पट्ट्यावर फिरवलीत तर काही महिने. मग १२००० वर दहा-बारा फेऱ्या पुरतात. १००० वर पुन्हा जायची वेळ वस्तरा पडला किंवा गंजला तरच येते.

विमानात नेता येतो का?

हातातल्या सामानात नाही. चेक-इन केलेल्या बॅगेत, गुंडाळून.

घरात कुणी वापरणार नाही, पण आजोबांचा आहे. कसा ठेवू?

पातं पूर्ण कोरडं करा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते खवट होतं आणि थंडीत थिजतं. सुती फडक्यात गुंडाळा. चामड्याच्या पाकिटात किंवा हवाबंद प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, ओल आत कोंडते. देवघरात ठेवत असाल तर अभिषेकाचं पाणी आणि कुंकू लागणार नाही अशी जागा बघा.

मूठ सेल्युलॉइडची असेल, म्हणजे कासवाच्या पाठीसारखी ठिपकेदार पण हलकी, तर तो वस्तरा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून आम्लधर्मी वाफ निघते आणि पातं आतल्या आत खाते; शेजारचंही. पातं मुठीत जिथे झाकलं जातं नेमका तिथेच गंज दिसला तर हेच कारण. अशी मूठ लवकर पेटते, म्हणून उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत तर नकोच. शिंगाची मूठ आपल्या कोरड्या उन्हाळ्यात सुकून तडकते. तिला चैत्रात तेलाचं बोट लावा.

पात्याला वर्षातून दोनदा तेल पुरतं. मी एकदा मृगाच्या आधी लावतो, पावसाळी हवेआधी, आणि एकदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेच्या, दिवसांत. तेव्हा घर आवरलेलं असतं आणि सगळे वस्तरे एकदम टेबलावर मांडता येतात. त्याच वेळी फडक्यातली चिठ्ठीही बघून घ्या. वापरणाऱ्याचं नाव, पेठ, साल. शाई फिकी झाली असेल तर पेन्सिलीने पुन्हा लिहा.